दिवेलागणीनंतरचं विरजण

विरजण शेजारी मागायचं नाही आणि शेजाऱ्याला द्यायचंही नाही, हा नियम देवकर कॉलनीत घरोघर जाऊन मीच सांगितला. सांगताना माझं मलाच विचित्र वाटत होतं.

माझं लहानपण गेल्या शतकातलं, कोल्हापुरातलंच. आळीत एका घरी टेलिफोन होता, एका घरी रंगीत टीव्ही होता आणि दोन्ही सगळ्यांचे होते. विरजण संपलं की आई स्टीलची वाटी हातात द्यायची आणि म्हणायची, "दिवे लागायच्या आत जाऊन ये, शिल्पा. नंतर कोणी देणार नाही." दिवेलागणीनंतर दूध, दही, विरजण घराबाहेर द्यायचं नाही, त्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, असं मानत. पुढे मी शाळेत तीस-एक वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्या समजुतीत काही अर्थ नाही हे मला चांगलंच माहीत होतं. तरी संध्याकाळी कोणी दही मागितलं, तर माझाही हात क्षणभर थांबायचा.

आता माझं वय ऐंशीच्या पुढे आहे. ही गोष्ट घडली तेव्हा मी सत्तरीत होते. तोवर घरी दही लावणं जवळजवळ बंद झालं होतं. फ्रिज स्वतःच दूध-दही मागवायचा आणि गच्चीवर उतरणारी हवाई टपरी, म्हणजे दुकानाचा ड्रोन, ते आणून टाकायची. कळंबा रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत शेजाऱ्यांची नावं माहीत असायची, स्वयंपाकघरं नाही.

मग कॉलनीतल्याच निनाद आणि रसिकाच्या मुलीला, मिहिकाला, कॅन्सर झाला.

मिहिका सहा वर्षांची होती. मूत्रपिंडाच्या वर गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, केस गेले. गाठ गेली, पण काही पेशी अंगात कुठेतरी लपून राहिल्याच. एका सकाळी डॉक्टर मुजावर माझ्या व्हरांड्यात येऊन बसले. ते माझे जुने विद्यार्थी. एकेकाळी बेडकाचं चित्र फार वाईट काढायचे.

"बाई, तुमची कॉलनी मला उसनी हवी आहे," ते म्हणाले.

त्यांनी समजावलं ते असं. कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर काही खुणा असतात. शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे पांढऱ्या पेशींना, ती खूण आधी ओळखीची करून दिली तर त्या नेमक्या तिच्यावर तुटून पडतात. ही ओळख करून द्यायला आतड्यासारखी दुसरी जागा नाही, कारण शरीराचे निम्म्याहून जास्त पहारेकरी तिथेच बसलेले असतात. म्हणून दह्याच्या जिवाणूंच्या अंगावर मिहिकाच्याच गाठीतली एकेक खूण चढवली होती. मुलीनं दही खायचं, पहारेकऱ्यांनी खूण पाहायची. हे जिवाणू दुधाबाहेर जगू शकत नाहीत, त्यामुळे मुलीला त्यांचा धोका नव्हता.

"मग ते कारखान्यात वाढवा. माझ्या कॉलनीचं काय काम?"

"कारखान्यात आळशी होतात, बाई. पोलादी टाकीत सारखं तापमान, सारखं दूध. खुणेचं ओझं त्यांना नको होतं, थोड्याच पिढ्यांत टाकून देतात. म्हणून आम्ही ती खूण एका गुणाला बांधली आहे. हाल झाले, तर तो गुण जिवाणूला जगवतो. आज दूध घट्ट, उद्या पातळ, उन्हाळ्यात ओटा तापलेला, पावसाळ्यात थंड. असं झालं की गुण टिकतो आणि त्याच्याबरोबर खूणही. थोडक्यात, आम्हाला घरं पाहिजेत."

एका घरानं भागणार नव्हतं. कॅन्सरच्या पेशी लबाड असतात. एका खुणेवर मार बसू लागला की ती खूण टाकून देतात. त्या वेळी दुसऱ्या खुणेचं दही तयार हवं. म्हणून नऊ खुणा, नऊ वाणं, नऊ घरं. मिहिका एका वेळी एकाच घरचं दही खाणार. बाकीच्यांनी रोज विरजण लावून आपलं वाण जिवंत ठेवायचं, दही स्वतःच खायचं आणि वाट पाहायची. दोन वाणं एकत्र झाली तर जोरात वाढणारं दुसऱ्याला खाऊन टाकतं. म्हणून तो नियम.

आठ घरं एका दिवसात मिळाली. मी घरोघर दही लावायला शिकवत फिरले.

"कोमट म्हणजे किती डिग्री, काकी?" हेमानं विचारलं. ती आणि यास्मिन माझ्या शेजारच्या, दोघी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या.

"करंगळी बुडव. चटका बसला तर थांब, नाही बसला तर लाव."

"आणि समजलंच नाही तर?"

"तर तू काकी झालीस की कळेल," यास्मिन म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. कॉलनीत एकमेकींच्या ओट्यापाशी उभं राहून हसणं मी बऱ्याच वर्षांनी ऐकत होते.

नववं घर म्हणून मी मंगलआक्काकडे गेले. कॉलनी वसण्याच्या आधीपासूनचं ते घर. पूर्वी मागे गोठा होता, चार म्हशी होत्या. कॉलनी तिच्याभोवती वाढली आणि मग कॉलनीला शेणाचा वास येऊ लागला. निनाद तेव्हा कमिटीचा अध्यक्ष होता. त्यानं रीतसर अर्ज केले, महापालिकेचा हुकूम आणला, म्हशी गाडीत चढवून गेल्या, गोठ्यावर फरशी आली. तेव्हापासून आक्का कॉलनीत कुणाच्या घरी गेली नव्हती आणि तिच्या घरीही कुणी जात नव्हतं.

ती पावटे सोलत होती. कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखं ती 'मी येतो, मी जातो' असं बोलायची. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"माझ्या म्हशी गाडीत चढत हुत्या तवा त्यो गेटात हुभा ऱ्हाऊन फोटू काढत हुता."

"माहीत आहे, आक्का."

तिनं आणखी दोन-तीन शेंगा सोलल्या. "पोरीसाठी ठेवतो. बापासाठी न्हाई. आणि चौकशा करायला दारात कुणी यायचं न्हाई. तुमीबी, शिल्पाबाई. तुमची ती पट्टी गेटाजवळच्या भिंतीवर ठेवायची, म्या वाटी भिंतीवर ठेवतो."

रोज सकाळी मी प्रत्येक घरच्या दह्यात कागदी पट्टी बुडवायची. पट्टी निळी झाली की जिवाणूंनी खूण टाकलेली नाही. मात्र कुठली खूण आहे, हे पट्टी सांगत नसे. ते सांगणारं यंत्र जिल्ह्यात एकच होतं, मागवून घ्यावं लागायचं. पट्ट्या रोज निळ्या येत होत्या, म्हणून ते मागवावं असं कुणाच्याही मनात आलं नाही.

पाऊस, गणपती, दिवाळी सगळं पार पडलं. मिहिका पहिल्या वाणाचं दही खात होती. तिचे रिपोर्ट सुधारले, डोक्यावर बारीक लव आली. कॉलनीही बदलली. लोक संध्याकाळी दारात उभे राहून "लागलं का?" असं एकमेकांना विचारू लागले. हेमाच्या सासूबाईंनी फ्रिजचं आपोआप मागवणं बंद करून टाकलं. मला तो काळ सुखाचा वाटला. एका आजारी मुलीमुळे सुख वाटावं हे बरं नव्हे, पण वाटलं हे खरं.

उन्हाळा लागला आणि रक्तात नको ते पुन्हा दिसू लागलं. पेशींनी पहिली खूण टाकून दिली होती. डॉक्टरांनी चौथं वाण द्यायचं ठरवलं. ते यास्मिनकडे होतं. त्याआधी एक इंजेक्शन असे. ते दिलं की आतड्यातले पहारेकरी काही तास जागे होतात आणि त्या वेळात समोर येईल ती खूण पक्की शिकतात. मग कित्येक महिने नवं काही शिकत नाहीत. नमुना सकाळी तपासायला गेला होता, पण पट्टी निळी होती. म्हणून इंजेक्शन दुपारीच दिलं गेलं.

संध्याकाळच्या सुमाराला डॉक्टर ते जिल्ह्यातलं एकुलतं यंत्र काखेत मारून आले. चेहरा उतरलेला.

"बाई, चौथं वाण चौथं नाहीच. ते पहिलंच आहे."

यंत्र माझ्या व्हरांड्यातल्या टीपॉयवर ठेवलं. एकेक घर वाटी घेऊन आलं. दुसरं वाण, पहिलं निघालं. तिसरं, पहिलं. पाचवं, सहावं, सगळी पहिलीच. यंत्र दर वेळी तोच आकडा तितक्याच शांतपणे दाखवत होतं.

"असं कसं होईल?" निनाद म्हणाला. तो पायरीवर उभा होता.

मग यास्मिन म्हणाली, "सांगून टाक ना, हेमा."

"मी काय सांगू? तूच माझ्याकडून नेलं होतंस, आजीच्या वर्षश्राद्धाला आम्ही गावी गेलो होतो त्याच्या आधी..."

"मी एकदाच नेलं. ईदला पाहुणे आले, सगळं दही संपलं. चमचाभरच घेतलं तुझं. आणि तू? दूध नासलं तेव्हा कोणाकडे गेलीस?"

"रांगेतल्या शेवटच्या घरातून आणलं. पण पट्टी निळी यायची ना!" हेमा रडायला लागली. "मला वाटलं, निळी आहे म्हणजे चाललंय."

एकेक करून सगळं बाहेर आलं. कुणाचं विरजण उन्हानं फसफसलं होतं, कुणी माहेरी गेलं होतं, कुणाचं मांजरानं सांडलं होतं. सगळे शेजारी गेले होते. चमचाभर विरजण शेजारी मागण्यात काही वावगं आहे, हे कुणाच्या हाडात उतरावं तरी कसं? वाटीत वाटी मिसळत गेली आणि सर्वांत जोमानं वाढणारं पहिलं वाण वर्षभरात आठही घरांत जाऊन बसलं. मी शिकवलेल्या दह्याबरोबर त्यांना मागायची सवयही परत आली होती. फक्त ती कोणी मला सांगितली नव्हती.

"पट्टी निळी होती, पुढचं मी गृहीत धरलं," डॉक्टर म्हणाले. "चूक माझीसुद्धा आहे."

"आता काय करायचं?" रसिकानं विचारलं. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"गोठवलेली मूळ वाणं प्रयोगशाळेत आहेत, पण ती जागी व्हायला आठवडे लागतात. पहारेकरी जागे राहतील ते मध्यरात्रीपर्यंत. त्यात त्यांना नवी खूण दाखवली नाही तर..."

तेव्हा मला भिंतीवरची वाटी आठवली. आक्कानं सकाळी ठेवलेली, पट्टी बुडवून मी तिथेच सोडलेली. दिवसभर उन्हात तापून तळाशी वाळलेला थर उरला होता. खाण्यालायक नव्हता, पण तपासण्यापुरता होता. यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि सात आकडा दाखवला.

आक्काला दिलेलं सातवंच होतं. वर्षभर कुणाकडे न गेलेलं, कुणाकडून न आलेलं.

"सातवी खूण तिच्या पेशींवर अजून आहे," डॉक्टर उठत म्हणाले. "ताजं दही आणा. वाटीभर पुरे."

कॉलनीतले दिवे तेवढ्यात लागले.

आक्काच्या दाराशी मी आणि डॉक्टर गेलो. निनाद मागे गेटाशी थांबला, पूर्वी गोठा होता त्या फरशीच्या कडेला. आक्का देवापाशी निरांजन ठेवून बाहेर आली. मी सांगितलं, ती ऐकत राहिली.

"दिवं लागलं," ती म्हणाली. "आता दही घराभाईर जात न्हाई."

"अहो मावशी," डॉक्टर म्हणाले, "ही वेळ असल्या समजुतींची नाही. मुलीचा जीव..."

"डाक्टर, तुमी बी नियम लावलासा न्हवं? मागायचं न्हाई, द्यायचं न्हाई. तुमचा त्यो म्या पाळला. मग माझा ह्यो तुमी पाळा."

गेटातून निनाद म्हणाला, "आक्का, मी पाया पडतो."

"तू बोलू नगंस."

मग ती माझ्याकडे वळली. "बाई, म्या एकदाच दिवं लागल्यावर दिलंय. ह्येची बायको आली हुती वाटी घिऊन. पोटुशी हुती, दहीभात खावासा वाटला म्हणाली. पोटुशीला न्हाई कसं म्हणू? दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली म्हशी न्यायला."

मला हे माहीत नव्हतं. निनादलाही नसावं. तो गेटाच्या सळईला धरून उभा होता, त्यानं मान खाली घातली. म्हशींचा हुकूम आधीच सुटलेला होता, वाटीशी त्याचा काही संबंध नव्हता, हे मी सांगू शकले असते. जीवशास्त्राच्या बाईंनी सांगायला हवं होतं. पण मी गप्प बसले. तसं सांगून त्या दारातून दही बाहेर आलं नसतं.

आक्कानं दार पुरतं उघडलं.

"दही भाईर जाणार न्हाई," ती म्हणाली. "पोरगी आत यिऊ दे."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. मिहिकाच्या अंगात प्रतिकारशक्ती अशी फारशी नव्हती. गल्लीत कुणाची एक शिंक तिला पुरली असती. पण त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. मी परत फिरले आणि घरोघर सांगितलं, "आत जा, दारं लावून घ्या, कुणी बाहेर थांबू नका."

मदत करायला आलेले सगळे मागे सरले. दारं लागली, खिडक्या लागल्या. हेमा शेवटची गेली, तोंडावर पदर धरून. गल्ली एकदम मोकळी झाली. वर्षभर ज्यांनी तिच्यासाठी दही लावलं, ते सगळे काचांमागे उभे राहून पाहत होते आणि मास्क लावलेली ती लहान मुलगी आईचं बोट धरून रस्ता ओलांडत होती. कॉलनीच्या हातात त्या वेळी तेवढंच होतं.

निनादनं गेट उघडून धरलं आणि तो बाजूला झाला. आत रसिका, मिहिका, डॉक्टर आणि मी गेलो. त्याला कुणी बोलावलं नाही आणि तोही आला नाही.

आक्कानं फडताळातून भांडं काढलं, वरची साय बाजूला सारली आणि दह्याची कवडी वाटीत घातली.

"नाव काय तुजं?"

"मिहिका."

"आसं आसतंय व्हय नाव? खा."

मिहिकानं एक चमचा खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "आंबट आहे."

"मग, दही हाय. साखर देऊ? डाक्टर, साखर चालती?"

"चालते," डॉक्टर घाईनं म्हणाले.

मुलगी खाऊ लागली. खाता खाता तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे भिंतीत अजून लोखंडी कडी होती, म्हैस बांधायची. "हे कशाला आहे?"

"म्हशीला. चार हुत्या."

"कुठे गेल्या?"

"तुज्या बाला इचार."

मिहिकानं वाटी चाटून संपवली. डॉक्टर तेवढ्या वेळात कसलेसे आकडे पाहत राहिले. रसिका आक्काच्या पाया पडली. आक्कानं तिला उठवलं नाही, पण पायही मागे घेतले नाहीत.

पुढे जे झालं ते शास्त्राच्या बाजूनं फार सोपं आहे. पहारेकऱ्यांनी सातवी खूण शिकून घेतली. प्रयोगशाळेतून नवी वाणं आली आणि आठ घरांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी कुणी कुणाकडे गेलं नाही. विरजण फसलं तर लगेच मला सांगायचे आणि मी प्रयोगशाळेला कळवायची. ते चोख झालं. पण "लागलं का?" असं दारात उभं राहून विचारणं थांबलं. हेमा आणि यास्मिन एकमेकींच्या ओट्याकडे जायला बिचकू लागल्या. त्या मुलीला जगवायचं तर शेजाऱ्यांनी एकमेकांपासून जरा लांब राहायचं होतं आणि ते राहिले. माझ्या लहानपणची ती आळी मला पुन्हा काही महिने मिळाली होती, ती गेली. सौदा चांगलाच होता, त्याबद्दल मला तक्रार नाही.

मिहिका मात्र रोज संध्याकाळी आक्काकडे जायची. वाटी सकाळी भिंतीवर ठेवली असती तरी चाललं असतं, डॉक्टर तसं म्हणालेही. पण आक्कानं एकदा 'आत यिऊ दे' म्हटलं होतं आणि ते तिनं बदललं नाही. निनाद तिला गेटापर्यंत आणायचा आणि बाहेरच थांबायचा. पावसात छत्री घेऊन थांबायचा. आतून मिहिकाच्या बडबडीचा आवाज यायचा, मधूनच आक्काचा. मी एकदा विचारलं, "आत का जात नाहीस?"

"त्यांनी बोलावलं नाही, काकी."

"विचारून पाहा."

"मी त्या वेळी त्यांना विचारलं होतं का?" तो म्हणाला. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

दुसरा उन्हाळा आला. दर महिन्याचे रिपोर्ट स्वच्छ येत राहिले आणि एका दुपारी डॉक्टर मुजावरांनी फोन करून सांगितलं की आता दही पुरे, नऊही वाणं प्रयोगशाळेला परत करायची. त्या संध्याकाळी मिहिका शेवटचं दही खायला गेली. तोवर केसांच्या दोन शेंड्या बांधण्याइतके केस आले होते. मी परत करायची भांडी गोळा करत गल्लीतच होते, म्हणून पुढचं मी पाहिलं.

दिवे नुकतेच लागले होते. मिहिका आतून वाटी घेऊन धावत बाहेर आली. उंबऱ्याशी आक्काचा आवाज आला. मिहिका थबकली, मागे वळून पाहिलं आणि मग गेटाकडे ओरडली.

"बाबा, तुझ्यासाठी दही काढलंय. पण आक्का म्हणते, दिवे लागलेत, वाटी बाहेर न्यायची नाही."

निनादनं मान हलवली.

"तूच आत ये म्हणते!"

त्यानं गेटाची कडी काढली. मग गेटातून आत आला आणि गोठा होता त्या फरशीवर त्यानं चपला काढल्या. खरं तर दारापाशी काढायच्या असतात. पण त्यानं तिथेच काढल्या आणि उरलेलं अंतर अनवाणी चालत गेला.

दही फार आंबट होतं, असं तो नंतर मला म्हणाला. साखर मागायचं धाडस झालं नाही.